कुसुमचं लुगडं कोणी विणलं?

या, अशा जवळ सरकून बसा. आणि आधीच रागावते, वाईट वाटून घेऊ नका... तुम्ही पोरीबाळी या सदरातले अनुभव खिदळत वाचता, आणि मग भर दुपारी मागच्या अंगणात जायलाही सोबत मागता. ही काही चांगली सवय नाही हं! माझ्या गोष्टीत घाबरण्यासारखं काही नाही. रडण्यासारखं असेल तर असेल.

असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. अंगात आलेल्या बाईला मी पाणी पाजून घरी पाठवणारी. आमचे हे म्हणायचे, "तुले भूत दिसलं तर भूतच पळंल." तरी हे मी स्वतः पाहिलं आहे. बोटांनी चाचपून पाहिलं आहे.

नागपूरला सक्करदऱ्याच्या तलावाच्या अलीकडे आमची विणकरांची ओळ होती. माझ्या माहेरच्या समोरच्या खोलीत दोन माग — जमिनीत खड्डा, त्यात पाय सोडून बसायचं. एक बाबांचा, दुसरा माझ्या धाकट्या भावाचा, दिवाकरचा. माझं सासर दोन घरं सोडून... म्हणजे चुलीवरचं दूध उतू जायच्या आत माहेरी डोकावून येता येईल इतकं.

दिवाकरने माग सांभाळून कापडाचा डिप्लोमा केला. बांगलादेशची लढाई होऊन एक-दोन वर्षं झाली असतील, तेव्हा त्याला नायजेरियातल्या एका कापडगिरणीत सुपरवायझरची नोकरी लागली. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. बायको कुसुम, कुहीकडची, धानाच्या बांधीत रोवणी करत वाढलेली पोर. नायजेरिया कुठं आहे हे आमच्या ओळीत कोणाला ठाऊक?

आईने विचारलं, "अमरावतीच्या रस्त्यानं जा लागते का गा? वाडीच्या पुढं?"

"पुढंच आहे माय," दिवाकर म्हणाला. "बरंच पुढं."

आमच्या घरची एक रीत होती. माणूस दूर निघालं की त्याच्या मागावर एक कापड अर्धवट सोडायचं, आणि माणूस परत उंबरठ्यात आल्याशिवाय त्याला कात्री लावायची नाही. दिवाकरने डाळिंबी रंगाचं लुगडं मागावर घेतलं. तर कुसुम बाबांना म्हणते, "मामाजी, जाऊन तर मी बी राहिली. माझं काय सोडता मागावर?"

आमच्याकडे बायका मागावर बसत नसत. बायकांनी कांड्या भरायच्या, म्हणजे धोट्यात घालायचं सूत गुंडाळून द्यायचं, इतकंच. बाबांनी मागाच्या खड्ड्याकडे बोट केलं. मग हसून म्हणाले, "बस मंग. तुह्यंच लुगडं, तूच विण."

निघायच्या आधीचे थोडे दिवस ती विणायला शिकली. नवशिक्याचा हात — सूत फार ओढायची, त्यामुळे काठ आत खेचला जायचा. बाबा चिडवायचे, "सूनबाई, काठाचा गळा काहून दाबून राहिली वं? त्यानं तुह्यं काय केलं?"

"नवा हात आहे मामाजी. वापस येईन तवा सरळ विणीन."

वीतभर विणून झालं, आणि दोघं गेली.

तिची पत्रं यायची. तिथं सगळं चांगलं आहे म्हणायची... क्वार्टर पक्कं आहे, नळ घरात आहे. पण यांची ड्यूटी दिवसभर, आणि दुपारी कुठंच काही वाजत नाही. आमच्या ओळीत दिवसभर मागांची खटखट. तिला त्या शांततेत झोप येत नसे.

पावसाळा संपता संपता बाबांनी मला बोलावलं. "तू बसली होती का वं दिवाकरच्या मागावर?"

"मी? मले कुठं शिकवलं तुमी? सुनेले शिकवलं!"

टोमणा मारून झाला, पण कापड पाहिलं आणि मी जवळ वाकले. वीतभर सोडलेलं लुगडं हातभर झालं होतं. विणलेलं गुंडाळायचा रूळ पुढं फिरलेला. टोपलीतल्या कांड्या रिकाम्या. बाबांनी धोटा काढून आपल्या पेटीत ठेवला, कुलूप लावलं. तरी आठवड्याभरात कापड वाढलेलंच. कोणी बसलेलं दिसलं नाही, आवाज आला नाही. घर भरलेलं असताना, भर दिवसा!

बाबांनी काठावरून बोट फिरवलं. "हा दिवाकरचा हात नोहे," ते हळूच म्हणाले. काठ आत ओढलेला होता. विणकराला हात ओळखायला नाव लागत नाही.

मी म्हटलं, हे कोणा जाणत्याला दाखवू. आईने माझ्याकडे असं पाहिलं... आणि सूत गुंडाळायचा रहाट पुढं घेऊन डाळिंबी सुताच्या कांड्या भरायला बसली.

"कोणासाठी भरून राहिली माय?"

"पोरगी रिकाम्या हातानं बसंल का वं?"

त्या दिवसापासून आई रोज त्या टोपलीत चार कांड्या ठेवायची. सुनेला डबा द्यावा तशी.

मग पत्र आलं, कुसुमला दिवस गेले आहेत, बाळंतपणाला नागपूरला येतो. कापड तर धावायला लागलं! आणि काठ... काठ सरळ यायला लागला. बाबा शेजाऱ्यांना सांगू शकत नव्हते, म्हणून मलाच पुन्हा पुन्हा दाखवायचे. "हात बसला पोरीचा!" पदर विणून पूर्ण झाला त्याच सुमारास दिवाकरने कळवलं, तिकिटं निघाली.

बाबांनी कात्री घेतली. आई आडवी आली. "रीत मोडू नका. उंबरठ्यात येऊ द्या तिले."

"तिकीट निघालं आहे वं. आता काय, विमानात बसाचंच बाकी. सातव्या महिन्याची ओटी याच लुगड्यात भरू." आणि कापलं.

नंतर तार आली. तापाने कुसुम गेली. पोटातलं बाळही.

तारेवरची तारीख आणि बाबांची कात्री, यात आधी कोणतं, हे ताडून पाहायची हिंमत आमच्यात कोणाचीच झाली नाही. कापलं म्हणून ती गेली? की जायचंच होतं, म्हणून तिने संपवून टाकलं? बाबा हेच पुटपुटत राहायचे.

दिवाकर अस्थी घेऊन आला. आंभोऱ्याला नदीत सोडल्या. परतताना बसमध्ये मला म्हणाला, "ताई, ती दुपारी खांदा चोळत बसे. काम नाही, धाम नाही, अन् म्हणे, मागावर बसल्यासारखं दुखून राहिलं."

मी पदर तोंडात कोंबला.

घरी येऊन त्याने रिकामा माग पाहिला. "माह्यं कापड कोणी कापलं?"

"मी," बाबा म्हणाले.

"वाट नाही पाहिली बाबा? आमी येऊनच राहिलो होतो ना... इतकी काय घाई होती?"

बाबा टोपलीतल्या उरलेल्या कांड्या उचलायला लागले. तो नायजेरियाला परत गेल्यावर मी बाबांशी भांडले, खरं काहून नाही सांगितलं म्हणून. तर म्हणाले, "ती दुपारी तिथं बसून इथं यायसाठी तडफडत होती, हे त्याले सांगू? येडा होईन तो. माह्या रागावर राहू दे. रागानं माणूस जगते."

दिवाकर पुन्हा कधी घरी आला नाही. बाबा गेले तेव्हा नाही, आई गेली तेव्हाही नाही.

ते लुगडं माझ्याजवळ आहे. अर्धा काठ ओढलेला, अर्धा सरळ. ओळीतल्या जुन्या विणकरांना दाखवलं, सगळे म्हणाले, एकाच माणसाचा हात, शिकत गेलेला. 

बाकीच्या उठल्या तरी चालेल. हे शेवटचं माझ्या भावासाठी. दिवाकर, हा अंक मी तुला पोस्टाने पाठवणार आहे. बाबांनी घाई केली ती तुमची वाट पाहवत नव्हती म्हणून, रे. आता रागवायला ते उरले नाहीत, आणि समजूत काढायला मीच तेवढी आहे. माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरून राहिला आहे. तुझं तोंड ओळखू येते तोवर ये गा भाऊ. लवकर ये.