तीन जाळ्यांचा व्हॉल्व्ह

दारव्ह्यात वीज आल्यावर दोन-चार वर्षांत आमच्या वस्तीनं वर्गणी काढून एक जुना ॲम्प्लिफायर, एक माइक आणि एक कर्णा विकत घेतला. कर्णा दांडगा, पण माइकच्या नावानं बोंब. बोलणाऱ्यानं तो जवळजवळ गिळला तरच बाहेर काही ऐकू यायचं. बाजारात माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, म्हणून हे दुखणं माझ्या गळ्यात आलं. माइकमधून येणारा बारीक आवाज आधी वाढवून मग ॲम्प्लिफायरला द्यायचा, असा एक छोटा डबा मध्ये बसवायचा होता. त्याला प्रीॲम्प म्हणतात.

खरं सांगायचं तर मला वस्तीपेक्षा बापाची काळजी होती. बा एके काळी गायचा. पाटलाच्या घरी लग्न असो की पोळा, बोलावणं यायचं आणि बा त्यांच्या अंगणाच्या कडेला उभा राहून, ते सांगतील तोवर गायचा. छप्पन साली तो दीक्षेला नागपूरला गेला आणि घसा बसवून परत आला. घोषणा देऊन बसला असेल असं सगळे म्हणाले. तो बसला तो बसलाच. बोलणंसुद्धा घोगरं, खाकरत खाकरत. पाटलानं दोन-तीनदा माणूस पाठवला, मग नाद सोडला. त्यांचं वावर आम्ही बटईनं, पिकाच्या वाट्यावर, करायचो, तेवढं चालू राहिलं.

येत्या बुद्धपौर्णिमेला बानं वस्तीसमोर गावं, असं मी मनाशी घेतलं होतं. आवाज फाटका असेना का, यंत्र कशाला आहे?

माझ्याजवळ एका इंग्रजी मासिकाची दोन पानं होती आणि त्यांवर जोडणीचे दोन नकाशे. पहिल्यात एका जाळीचा साधा व्हॉल्व्ह, म्हणजे रेडिओत असते ती काचेची नळी. गरीब, शहाणा, दिलं तेवढंच वाढवणारा. दुसऱ्यात तीन जाळ्यांचा, म्हणजे पेंटोड. तो महाखादाड. लांबची कुजबुज ओढून घेणार, पण तिच्यासोबत सूंसूं, घूंघूं आणि टेबलाला लागलेला धक्काही मोठा करून दाखवणार. जाणती माणसं पहिलाच घेतात. मी दोन्ही जोडून पाहिले. पहिल्यावर बाचं खाकरणंही नीट उमटेना. दुसरा लावला तर माय चुलीपाशी तांदूळ निवडत होती, ते सुपातले दाणे कर्ण्यात वाजले. मी उडालोच. माय म्हणाली, हे यंत्र घरात ठेवशील तर मी बोलणंच बंद करीन. मी तीन जाळ्यांचा पक्का केला. घूंघूं कमी करायला व्हॉल्व्हवर पत्र्याची टोपी बसवली, तारा गुंडाळल्या आणि स्वतःवर भलताच खूश झालो.

चाचणीच्या दिवशी कर्णा दारातल्या निंबावर बांधला. माइक आतल्या खोलीत खिडकीशी ठेवला आणि बाला म्हटलं, काहीतरी बोल. तो खाकरला, दोन शब्द बोलला. बाहेर कर्ण्यातून हूं की चूं नाही. कर्ण्याची तार निसटली असणार, म्हणून सगळं तसंच चालू ठेवून मी झाडावर चढलो.

तार निसटलीच होती. ती चिमटीत धरून मी जागेवर टेकवली, आणि माझ्या कानाशी बाप गायला लागला.

मी खाली पडायचाच. फांदीला मिठी मारली म्हणून वाचलो. माझी लेक पाळण्यात उठली असावी. बा तिला झोपवत होता. पाळणा खिडकीपासून पार पलीकडच्या भिंतीला. यंत्र मुकं आहे असं समजून तो हलक्यानंच गात होता, पण कर्ण्यातून तो आवाज भरून बाहेर पडला. कुठं चिरलेला नाही, कुठं घोगरा नाही. रस्त्यातली माणसं थांबली. पाटलाच्या माडीपर्यंत गेला असणार. तार माझ्याच चिमटीत होती, ओढली असती की संपलं असतं. पण मला काही सुचेचना. गाणं संपेपर्यंत मी ती तशीच धरून बसलो.

मायला आणि बायकोला ठाऊक होतं. मी दुकानात गेलो की तो रोज गायचा. मला का नाही सांगितलं, म्हणून मी संतापून विचारलं. माय म्हणाली, "तू पाटलाच्या घरी रेडिओ पाहाले जातं. त्यायनं इचारलं असतं तर तुले तोंडावर खोटं बोला लागलं असतं. कायले तुह्या माथी मारा?"

दिवस कलायच्या आत पाटलाचा गडी दारात उभा. पुढल्या आठवड्यात मुलीचं लगन आहे, म्हणाला, घसा बरा झाला म्हणून मालकांच्या कानावर आलं, त्यांनी बोलावलंय. माझ्या डोळ्यांपुढं बटईचं वावर आलं. मी घाईघाईनं पुढं झालो आणि म्हणालो की ती रेकॉर्ड होती, मी दुकानातून आणलेली.

बानं माझ्या खांद्यावर हात ठेवून मला बाजूला केलं. खाकरला नाही.

"रेकॉर्ड नव्हती ते. मीच गाऊन राह्यलो होतो. घसा माहा कधी गेलाच नव्हता. त्यायच्या दाराशी गानं मी सोडलं, हे सांग त्यायले."

गडी आल्या पावली गेला. ज्याला दुखणेकरी समजून मी यवतमाळहून ज्येष्ठमध आणत होतो, त्या माणसानं इतकी वर्षं एकट्यानं संप केला होता, आणि त्याच घरात जेवूनखाऊन मला त्याचा पत्ता नव्हता. इतका हादरा मला आयुष्यात पुन्हा बसला नाही.

वावर पेरणीआधीच गेलं. बा कापसाच्या जिनिंगमध्ये हमालीला लागला. पण गडी परत गेला त्या संध्याकाळी त्यानं जेवायला बसताना मला न खाकरता मोठ्यानं हाक मारली, आणि मी दचकून दाराकडे पाहिलं. कोणी परका माणूस आला असं वाटलं मला.