दस्त्यावरचा जादा नंबर

मंडळी, आज माझी रायफल जाता जाता राहिली!

नेमबाजीच्या परवान्याच्या वार्षिक तपासणीला मास्क लावून पोलिसबाई घरी आल्या. नळीवरचा नंबर कागदाशी जुळला. मग त्यांचं लक्ष रायफलच्या अक्रोडाच्या लाकडी दस्त्याकडे गेलं. लॉकडाऊनमध्ये तो मी स्वतः शिकून घडवलाय, आणि हौसेने त्यावर नंबरही कोरलाय.

"हा नंबर परवान्यात नाही. रायफल न्यावी लागेल."

"लाकडाला नंबर लागत नाही, तो माझा मी टाकलाय."

आतून बायको म्हणाली, "डाळीच्या डब्यांवर टाकतोस तेवढे पुरेत की!"

मी फाइल उघडली. दस्ता करण्याआधी, नवा लाकडी दस्ता बसवून त्यावर माझा नंबर कोरला तर चालेल का, असं विचारून पोलिसांना पाठवलेली ईमेल आणि त्यांचं होकाराचं उत्तर, दोन्ही छापून ठेवलेली. बाईंनी दोनदा वाचलं, दस्त्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "सुंदर झालाय. ठेवा कपाटात."

बायको म्हणते, आता नंबर घासून टाक. तुम्ही घासला असता?