शामरावाले उठवाचं नाव

मैनाआत्यानं नवऱ्याचं नाव पयल्यांदा तोंडानं घेतलं ते एका कुत्र्यासाठी. ती जिती होती तवर ह्या गोष्टीचा उच्चार बी कोनाले करू देल्ला नाई तिनं. आता माघात तिची तेरवी झाली. आता सांगाले हरकत नाई.

कापसाले सोन्याचे दिवस होते तवाची गोष्ट. समुद्रापल्याड कुठंतरी लढाई जुंपली, तिथून कापूस येनं बंद झालं, आन् जो तो साहेब वऱ्हाडाकडे धावत सुटला. अमरावतीले कापसाच्या आवारात अशा गंज्या लागत का पलीकडचा मानूस दिसे नाई. मैनाबाईचा, म्हंजे आमच्या आत्याचा, नवरा सूर्यभान त्या आवाराचा राखनदार होता.

तिथं येनाऱ्या एका साहेबाजवय कुत्रा होता. आपल्या मुलकात पायला नाई असा. कायाभोर, जाडजूड, शेपूट भिजलेल्या दोरखंडावानी, आन् पंजाच्या बोटाईमधात बदकावानी कातडं. साहेब त्याच्या जातीले लॅब्राडोर म्हने आन् त्याले सॅम म्हने. लोकाईनं त्याचा शामराव केला. साहेब तापानं बेजार होऊन आपल्या देशी निंगाला, तवा कुत्र्याचा दोर सूर्यभानाच्या हातात देऊन गेला.

"घरात लेकरू नाई आन् हे काय आनलं वो?" मैनाबाई म्हने.

"अवं, लेकरापरीस लवकर शिकते हे. आन् मोठं होऊन उलटून बोलत नाई."

शिकवाची सूर्यभानाची रीत थंड होती. हात कधी उगारला नाई. ज्वारीच्या भाकरीचा बोटभर तुकडा मुठीत धराचा, कुत्रा आपसूक टेकला का 'बस' म्हनाचं आन् तुकडा द्याचा. आठ दिसात शामराव नुसत्या शब्दावर टेकाले लागला. 'थांब' शिकवाले मातर महिना गेला. एक पाऊल मागं सरकाचं, परत याचं, पाठ थोपटाची. मंग दोन पावलं. मंग विहिरीपावतर. मंग कुडाआड. शेवटी समोर भाकर ठेवून सूर्यभान बाजार करून येये, तरी शामराव भाकरीले तोंड लावे नाई. तोंडातून पान्याची धार लागे, पन उठे नाई.

आवारात सगयात मोठं भेव इस्तवाचं. एक ठिनगी उडाली का गंजी गेली. चिलमीले बंदी होती, पन मजूर ऐकते थोडीच. म्हनून सूर्यभानानं त्याले 'आन' शिकवलं. 'आन' म्हनलं का शामराव मानसाच्या हातातून चिलीम काढे, ओल्या फडक्यात धरल्यावानी, अशी अल्लद का दात लागे नाई, आन् बैलाईच्या हौदात नेऊन सोडे. एक डाव दलाल भगवंतरावाचीच चिलीम गेली हौदात.

"सूर्यभाना, ह्या तुह्या कुत्र्याले मानूस ओयखू येत नाई का रे?"

"येते ना जी. पन गंजीले ओयखू येत नाई, मालकाचा इस्तू कोनता आन् मजुराचा कोनता."

सूर्यभान सोता घरी आल्यावर ओढे. सांजवात लागली का फाटकातून आत येये, दोन झुरके घे, आन् 'आन' म्हने. शामराव चिलीम घेऊन आंगनातल्या हौदाकडे. हा त्या दोघाईचा रोजचा खेय. मैनाबाई वरडे, "नवी चिलीम कितीक डाव आनाची?"

थांबलेल्या कुत्र्याले उठवाचा शब्द आधी 'चाल' होता. तो सगया मजुराईले पाठ झाला. एक दिवस कोनीतरी पुरी दाखवून 'चाल' म्हनलं, शामराव आवाराचं फाटक सोडून गेला, आन् कापसाचं एक बोचकं नाईसं झालं. तवा सूर्यभानानं तो शब्द मोडला आन् त्या जागी सोताचं नाव ठेवलं. कपायावर तयहात ठेवाचा आन् नाव घ्याचं. हात ज्याचा, आवाज बी त्याचाच पायजे. आवारात दिवसभर कोनी ना कोनी सूर्यभान, सूर्यभान म्हनून हाका मारे, पन त्या हाकेवर उठला तर तुकडा मियत नसे. आन् हात दोनच चालत, एक सूर्यभानाचा, एक मैनाबाईचा.

तिचा हात धरून तो कुत्र्याच्या कपायावर ठेवे. "म्हन आता."

"काय म्हनू?"

"माहं नाव."

"बाप्पा! तुमचं आयुष्य कमी कराचं हाय का मले?"

"अवं, चाबी अशी पायजे का चोराच्या हाती लागू नये."

"मंग ती माह्या बी हाती लागत नाई," म्हनून ती पदर तोंडाले लावून घरात पये.

बाईनं नवऱ्याचं नाव घेतलं का त्याच्या आयुष्याचा एक दिवस तुटते, असं तिच्या मायनं तिले लग्नात सांगतलं होतं. मैनाबाईनं सोया वर्सं हा नेम इतका पायला का आभायातल्या सूर्याले बी ती 'दिवसदेव' म्हने.

शिमगा होऊन गेल्ता. अमरावतीले तवा रूळ पोचले नोते, कापूस बैलगाड्याईनं अकोल्याले जाये. त्या शनवारी सूर्यभानाले गाड्या फक्त गावाबाहीर घालून द्याच्या होत्या आन् दुपारी जेवाले याचं होतं. शामराव मागं लागला, म्हनून त्याले आंगनात निंबाखाली 'थांब' म्हनला आन् गेला. वाटंत एका गाडीवानाले भोवय आली. त्याची गाडी हाकलत सूर्यभान तसाच म्होरं गेला, आन् माघारी येनाऱ्या मानसाजवय निरोप धाडला, 'अकोल्याले जाऊन येतो. शामरावाले तूच उठव.'

मैनाबाई हासली. "मोठे हुशार! घरी नाई म्हनवलं, तर दुरून म्हनवून राहिले."

भाकर ठेवली, शामरावानं पायली नाई. ताकाचं पानी तेवढं पिये. उठे, कुडाजवय जाऊन ये, परत त्याच जागी बसे. शेजारच्या पंजाबरावानं हाकारलं, "सूर्यभान! ये सूर्यभान!" कुत्र्यानं कान बी हालवला नाई. मैनाबाईनं हात ठेवला आन् पंजाबरावानं नाव घेतलं, तर शामराव वर तिच्या तोंडाकडे पाहाले लागला. तुह्या तोंडातून येऊ दे, असं.

"घे ना वयनी," पंजाबराव म्हने, "कोन ऐकाले आलं?"

"ज्यानं ऐकाचं तो ऐकते, भाऊजी." आन् ती आत गेली.

मंग शुक्रवारची सांज. तिनं तुयशीपाशी वात लावली, आन् निंबाखाली शेपटीचा आवाज झाला. धप्, धप्, धप्. शामरावाचे कान उभे. फाटक बंद होतं. पन कुत्र्याचे डोये फाटकापासून हयूहयू आत येत गेले, जसं कोनी चालून येऊन राहिलं. जवय आले तसे वर चढले, मानसाच्या उंचीएवढे, आन् तिथं थांबले. शामराव मान पुढं करून कपाय देऊन बसला. बसूनच राहिला. मंग बारीक कन्हला आन् डोये फाटकाकडे वापस गेले.

तमाखूचा वास आला. मैनाबाई म्हने, शेजारचा असन.

शनवारी तसंच. आयतवारी तसंच. रोज वात लागली का तीन डाव शेपूट, रोज डोये आत येत, रोज कपाय पुढं. तिकडे पाठ करून बसाले लागली ती. तरी मानंवर कोनी उभं असल्यावानी वाटे.

बुधवारी नत्थुजी गाडीवान आला. फाटकाबाहीरच उभा राहिला. हातात सूर्यभानाचं घोंगडं.

"वयनी, अकोल्याले पटकी लागली. पंधरा-ईस मानसं गेली."

"हे कवा येतात?"

नत्थुजीनं घोंगडं कुडावर ठेवलं. "गेले ते. शुक्रवारी, सांजच्या पारी."

"तुमी पायलं?"

"मी नाई पायलं. मी गाड्यापाशी होतो. लोकाईनं सांगतलं, अमरावतीकडचे चौघं मोरना नदीच्या काठी एकाच सरनावर..."

"नाई ना पायलं? मंग?" मैनाबाई म्हने. "घोंगडं कोनाचं बी राह्यते गाडीत."

दुर्गाबाई नावाची म्हातारी शेजारीन आली. बांगड्याले हात घालाले लागली, तसा मैनाबाईनं हात ओढून घेतला.

"पोरी, कुकू पूस."

"मड्डं दाखवा, मंग पुसतो."

"अवं, असं करू नये. त्याचा जीव अटकून राह्यते."

"जीव हायच त्याईचा! त्याईनं सांगतलं, अकोल्याले जाऊन येतो."

निंबाखाली शामरावानं मान जमिनीवर टाकली होती. आंगावरच्या केसाखालून बरगड्या मोजाव्या अशा झाल्या होत्या. दुसऱ्या दिवशी, बिस्तरवारी, तर ताकाचं पानी बी प्याला नाई. तिनं ओंजयीनं तोंडाले लावलं, ते जबड्यातून खाली सांडलं.

पंजाबराव म्हने, "उद्या पावतर काढत नाई हा."

मैनाबाई दिवसभर उंबऱ्यावर बसून होती. नाव घ्यावं, आन् ते कुठं जिते असले, तापात पडले असले, एकेका दिसासाठी झुंजत असले, तर? तोच एक दिवस आपन तोडला तर? आन् नाई घ्यावं, तर हे मुकं जनावर डोयादेखत जाते. त्याईनं शिकवलेलं, त्याईच्याच शब्दावर बसलेलं.

सांज झाली. तिनं वात लावली. पाठ केली नाई त्या दिवशी.

शेपूट एकच डाव वाजली. डोये फाटकापासून आत आले, जवय आले, वर चढले. मान उचलाची ताकत नोती, तरी शामरावानं कपाय पुढं केलं. आन् वाट पायली. तमाखूचा वास आला. कन्हला. तवा मैनाबाईले समजलं, रोज सांजेले हे काहून येतात ते. कुत्र्याले उठवाले येतात. हात हाय, आवाज नाई.

ती उठली. निंबाखाली जाऊन बसली. कपायावर तयहात ठेवला, तर तिथं आधीच थंडगार होतं, विहिरीतल्या पान्यावानी. तिनं हात काढला नाई.

"सू..." म्हनली. पदरानं तोंड पुसलं. मंग जोरानं, आवारात मजूर हाकारत तसं, "सूर्यभान!"

आन् आयकत राहिली. एवढ्या वर्सात पयल्यांदा नावानं हाक मारली होती. घरात असता, शेतात असता, कुठं बी असता, तर तो मानूस 'ओ' देल्ल्याबिगर राहिला नसता. हासला असता. चिडवलं असतं जन्मभर.

कोनी ओ देल्ली नाई.

शामराव उठला. चारी पाय लटलट कापत होते. त्यानं मान वर केली, तोंड उघडलं, आन् समोरच्या रिकाम्या जागेतून काहीतरी अल्लद धरलं, दात लागू न देता. तसाच चालत हौदापाशी गेला. तोंड उघडून पान्यात सोडलं. पान्यावर काही पडलं नाई, पन 'चर्र' असा आवाज झाला, तो मैनाबाईनं सोताच्या कानानं आयकला. तमाखूचा वास गेला.

मंग शामराव परत आला आन् भाकर खाऊ लागला. तिनं पाट्यावरचा वरवंटा उचलला, उंबऱ्यावर बसली, आन् दोन्ही हातच्या बांगड्या आपल्या हातानं फोडल्या.

शामराव त्याच्यानंतर नऊ वर्सं जगला. रोज भाकर ठेवून ती त्याच्या कपायावर हात ठेवे आन् नवऱ्याचं नाव घे, खनखनीत. गावातल्या बाया कुजबुजत. दुर्गाबाईनं एक डाव तोंडावर म्हनलं, "लाज नाई वाटत वो?"

"आता कोनाचं आयुष्य कमी होनार हाय, काकू?"

त्या सांजेनंतर शामरावानं फाटकाकडे कधी कान उभे केले नाई. वात लागली का पायात मुंडकं घालून झोपे.

फाटकाकडे पाये ती मैनाआत्याच.