खिडकीवाल्या बाई

सुरभी शिंगटे कुठे बसते, असं त्या सरकारी दवाखान्यात विचारलंत तर शिपाई डोकं खाजवेल. ‘खिडकीवाल्या बाई’ म्हणालात की लगेच मागच्या बाजूला बोट दाखवेल, आणि तुम्हाला पायापासून डोक्यापर्यंत एकदा बघूनही घेईल. त्या खिडकीत एकाच आजाराच्या गोळ्या मिळतात, एचआयव्हीच्या. शिपायाला ते माहीत आहे, म्हणून तर तो बघतो.

सुरभी पोशीरची, भातशेतीच्या घरातली. तिने फार्मसीचा डिप्लोमा केला तेव्हा वडिलांना वाटलं होतं, पोरगी नेरळच्या नाक्यावर मेडिकल टाकील, चार लोक दुकानावर येतील, आपणही गल्ल्यावर बसू. पोरीने धरली कंत्राटी नोकरी, आणि तीही असली, की वडील गावात ‘दवाखान्यात हाय’ एवढंच सांगून विषय बदलत. समुपदेशकाची जागा कायम रिकामी. त्यामुळे गोळ्या देणं, त्या कशा घ्यायच्या ते समजावणं, रडणाऱ्याला पाणी देणं, सगळं हिच्याच गळ्यात पडलं. बाईने ते निभावलं. कुणाच्या अंगावर ओरडली नाही की कुणाला ‘कुठून आणलंस हे?’ असं विचारलं नाही. ते विचारायचं नसतं.

आजूबाजूच्या तालुक्यांत तिच्यासारखेच आणखी पाच-सहा औषधवाले होते. एखाद्याकडचा साठा संपला की वरून यायला वेळ लागे, आणि या गोळ्यांत खंड पडून चालत नाही. मग हेच एकमेकांना फोन करत, एसटीच्या कंडक्टरच्या हाती खोकी धाडत. त्यातून मंडळ उभं राहिलं. कागदावर त्याचं नाव लांबलचक आहे, व्हॉट्सअ‍ॅपवर मात्र नुसतं ‘खिडकी’. आता त्यात तीन जिल्ह्यांतली माणसं आहेत. वर्षाला मेळावा होतो, गळ्यात ओळखपत्रं असतात, जेवणात पनीर असतं. पण मंडळाचा कणा म्हणजे एक नियम, आणि तो सुरभीने पहिल्याच बैठकीत सगळ्यांकडून वदवून घेतलेला. खिडकीच्या बाहेर आपण कुणालाही ओळखत नाही. बाजारात, लग्नात, मयतीला पेशंट समोर आला तरी आपण होऊन मान हलवायची नाही, आणि त्याच्या घरच्यांशी तर त्या विषयावर ब्र काढायचा नाही. नाव फोडणारा आमचा नव्हे.

युक्त्याही तिच्याच. बाटलीवरचं लेबल भिजवून काढायचं आणि आत गोळ्यांवर कापूस कोंबायचा. बाटली खुळखुळली की सासू विचारते, कसल्या गं गोळ्या? कापसाने बाटली मुकी होते. शेजारच्या जिल्ह्यातल्या केंद्रावर अक्षदा नावाची पोरगी आहे, सुरभीने धाकट्या बहिणीसारखी हाताशी धरून शिकवलेली. तिने त्यात आपली भर घातली. झाकणावर एक मरून टिकली लावायची, म्हणजे वाचता न येणाऱ्यालाही आपली बाटली दहा बाटल्यांत सापडते. गेल्या मेळाव्यात तिने हे सांगितलं तेव्हा सगळ्यांत आधी टाळी सुरभीने वाजवली होती.

नियम पाळायचा म्हणजे काय, हे तिने एकदा चांगलंच सोसलं होतं. कशेळ्याच्या बाजारात वाडीवरची चिंधी भाजी घेऊन बसायची. उन्हाळ्याच्या शेवटी शेवळं, मग करटुली. सुरभी तिच्याचकडे घ्यायची, घासाघीस न करता. चिंधीचा नवरा नवशा गोळ्यांसाठी खिडकीत येत होता आणि घरी त्याने ताकास तूर लागू दिली नव्हती. सुरभी त्याला दर महिन्याला समजावायची आणि बाजारात त्याच्या बायकोकडून मुकाट शेवळं घ्यायची. मग चिंधीला दिवस गेले, तपासणीत तिच्याही रक्तात तोच विषाणू सापडला, आणि ती त्याच खिडकीसमोर येऊन उभी राहिली.

“माझी भाजी खायचीस,” ती म्हणाली, “अन् माझं तुला ठावं व्हतं.”

सुरभीने तिलाही नियमच सांगितला. पुढे औषधांमुळे मूल निरोगी जन्मलं, आणि मेळाव्यात सुरभीने ती हकिकत यशोगाथा म्हणून सांगितली. चिंधीने तिला पुन्हा भाजी दिली नाही, हे काही तिने तिथे सांगितलं नाही.

सुरभीचा नवरा वाल्मिक रसायनीच्या एका कारखान्यात ऑपरेटर. नाकासमोर चालणारा, पाळीवरून येऊन जेवून झोपणारा माणूस. मुलगी रिया पुण्याला शिकायला गेल्यापासून घरात दोघंच. त्या रविवारी हिची स्कूटर पंक्चर होती, म्हणून ती त्याची घेऊन कशेळ्याला गेली. भाजीची पिशवी ठेवायला तिने सीट उचलली, तर रेनकोटाच्या घडीखाली एक बाटली होती. बिनलेबलाची. हलवली तर वाजली नाही. झाकणावर मरून टिकली होती, अक्षदाची.

तालुक्यातल्या दुसऱ्या कुठल्याही बायकोने ती ताकदीच्या गोळ्यांची म्हणून परत ठेवली असती. सुरभीने झाकण उघडून कापूस बाजूला केला. ज्या गोळ्या तिने आयुष्यभर दुसऱ्यांच्या हातावर ठेवल्या, त्या तिच्या नवऱ्याच्या डिकीत होत्या. पायाखालची वाळू सरकते म्हणतात, तसं तिला काही झालं नाही. राग आला तो आधी अक्षदाचा. भाजीची पिशवी हँडलला अडकवून ती स्कूटरवर बसली आणि थेट अक्षदाच्या घरी गेली.

अक्षदाने दार उघडलं, सुरभीच्या हातातली बाटली पाहिली आणि तिचा चेहरा उतरला. मग तिने सगळं सांगितलं. चार वर्षांपूर्वी कारखान्यात रक्तदानाचं शिबिर झालं, तिथे दिलेलं रक्त तपासल्यावर वाल्मिकला बोलावणं आलं. तो मुद्दाम दूरच्या केंद्रावर गेला, तर खिडकीत नेमकी हीच, त्यांच्या घरी दहा वेळा जेवलेली. तिने त्याला घरी सांगा म्हणून दर खेपेला विनवलं. रक्तातला विषाणू आटोक्यात येईपर्यंत बायकोपासून दूर राहायचं, असं बजावलं, आणि तो राहिलाही. आता त्याच्यापासून कुणालाही धोका नाही, हे तिने अगदी शिकवल्याप्रमाणे सांगितलं.

ते दूर राहणं सुरभीला आठवत होतं. पाळीमुळे झोपमोड होते म्हणून तो बाहेरच्या खोलीत झोपायला लागला होता. आपण आता आवडत नाही असं तिला वाटलं होतं, आणि हे दुःख तिने अख्ख्या जगात एकाच बाईला सांगितलं होतं, फोनवर, रडत. त्या बाईने सांगितलं होतं, ताई, वय झालं की होतं असं.

“मी तुझ्यापाशी रडले,” सुरभी म्हणाली. “तेव्हा तुझी जीभ कशी उचलली गं?”

“मग काय बोलायला हवं होतं मी? तुम्हीच सांगा, ताई.” अक्षदाही रडत होती. “चिंधीला तुम्ही सांगितलं होतंत?”

आपलाच नियम आपल्यावर उलटल्याचा संताप वेगळाच असतो. सुरभी पाणीही न पिता निघाली आणि त्या दिवसापासून तिने अक्षदाशी बोलणं टाकलं.

दुसऱ्या दिवशी ती पनवेलला एका खासगी लॅबमध्ये गेली. घाबरायचं काय त्यात, तपासणी म्हणजे काही गुन्हा नाही, हे वाक्य तिने हजारो बायांना ऐकवलं असेल. स्वतः मात्र तोंडाला ओढणी गुंडाळून गेली आणि नाव सांगताना धाकट्या जावेचं सांगितलं. रक्त स्वच्छ निघालं. तिला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याचीच लाज वाटली.

वाल्मिकला तिने संध्याकाळी जेवायच्या आधी विचारलं. बाटली पाहून तो खाली बसला. कुठून आला हा आजार, हे तिच्या ओठांवर आलं होतं. इतकी वर्षं तो प्रश्न गिळायची सवय झाली होती, त्यामुळे स्वतःच्या नवऱ्यालाही तो विचारता येईना. मग तिने दुसरा विचारला. अख्खा तालुका भरवशाने माझ्या खिडकीत येतो. तुमाला एकट्यालाच मी का नको झाले?

वाल्मिकने बाटलीचं झाकण घट्ट लावलं.

“खिडकीत तू त्यांना दादा म्हनतेस,” तो म्हणाला. “घरी येऊन जेवताना काय म्हनतेस? आज एक आलावता, बायकोला फसवतोय हलकट. मी ताटावर बसून ऐकलंय गं ते, वर्षानुवर्षं. माझं कळलं त्या दिवशीपन तू भाकरी वाढताना असंच कुनाला तरी बोललीस. मंग मी कसा येनार व्हतो?”

हे खोटं असतं तर बरं झालं असतं. पण ते खरं होतं. दिवसभर गोड बोलून साठलेलं सगळं ती घरी ओकायची. नाव कधी घेतलं नाही, त्यामुळे नियम मोडला असं तिला कधी वाटलं नाही. समोर बसलेला तिच्या हिशेबात नवरा होता, आणि नवऱ्यापुढे मन मोकळं करायला कुणाची हरकत असते? तिला त्याची दया आली असती, पण चार वर्षांची फसवणूक मध्ये आडवी पडली होती. ती म्हणाली, “पुढल्या खेपेपासून माझ्या खिडकीत यायचं. रांगेत उभं राहून.”

पेशंट लोकांच्या नजरेस पडू नये म्हणून ही बाई जन्मभर डोळ्यांत तेल घालून जपली. नवऱ्याला तिने भर दवाखान्यात उभं करायचं ठरवलं, आणि ते नीच आहे हे कळत असूनही ठरवलं. मधल्या दिवसांत मंडळाचा मेळावा झाला. नियम बदलायला हवा, असं तिला माइकवर ओरडून सांगायचं होतं. पण का बदलायचा, हे सांगितलं असतं तर नाव फुटलं असतं. पनीर न जेवताच ती घरी आली. लोकांना वाटलं, साठ्यावरून अक्षदाशी बिनसलं असेल.

वाल्मिक आला. पहिली पाळी टाकून, इस्त्रीचा शर्ट घालून आला. शिपायाने त्याला ओळखलं, खिडकीवाल्या बाईंचा नवरा म्हणून हसून हात केला, आणि तो रांगेत लागलेला पाहून हसू तोंडावरच ठेवून बाजूला सरकला. वाल्मिकने कुणाकडे पाहिलं नाही. त्याचा नंबर आला तेव्हा सुरभीने नव्या माणसाला विचारते तेच सगळं त्याला विचारलं. झोप लागते का, मळमळ होते का, गोळी कधी चुकली का. तो सरळ उत्तरं देत गेला. मग राहिला शेवटचा प्रश्न, जो कुणालाच चुकत नाही.

“घरी कुनाला सांगितलंय?”

“बायकोला कळलंय.”

“काय म्हनाली ती?”

वाल्मिकने गजातून आत तिच्याकडे पाहिलं.

“काय नाय म्हनाली,” तो म्हणाला. “रांगेत उभा केला मला.”

सुरभीने गोळ्या पुढे सरकवल्या. त्याच्या मागच्या म्हाताऱ्याला उभं राहवत नव्हतं. त्याला तिने आत येऊन खुर्चीवर बसायला सांगितलं, दादा म्हणून.