काकूंनी भोंगा लावला

"राहू द्या, माह्यापाशी हाये," असं म्हणत काकू चष्मा कपाळावर सरकवायच्या आणि समोरच्याला पिशवीतून कागद काढूच द्यायच्या नाहीत. देवळीच्या बसस्टँडजवळ त्यांचं झेरॉक्सचं दुकान होतं. नवरा गेल्यापासून घर त्या दुकानावरच चालायचं. लग्नपत्रिका, ऑनलाइन अर्ज, आधारची प्रिंट, सगळं तिथे. एकदा आलेल्या माणसाचं आधार, पासबुक, सातबारा त्या स्कॅन करून गावाच्या नावाच्या फोल्डरमध्ये ठेवून द्यायच्या, त्याला पुन्हा शोधाशोध नको म्हणून. दुसऱ्याची अडगळ हौसेने सांभाळणारी अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील.

मी वर्ध्याहून कॉम्प्युटर दुरुस्तीला जायचो. काकूंकडे जायचं म्हणजे अर्धा दिवस गेला असं धरूनच निघायचं. आधी पोहे, मग चहा, मधल्या वेळात माझं लग्न का जमत नाही यावर चर्चा. कॉम्प्युटरची पाळी शेवटी.

एकदा त्यांचा फोन आला. "माऊस आपल्या मनानंच फिरून राह्यला. येऊन पाह्य बरं."

मी म्हटलं, आधी नेटची वायर काढा, मग बोलू. त्यांनी नेटबरोबर प्रिंटरची आणि पंख्याचीही काढली. मी पोहोचलो तेव्हा पुठ्ठ्याने वारा घेत घामाघूम बसल्या होत्या.

कॉम्प्युटरमध्ये चोर शिरला होता, आणि तो कुठून आला ते लवकरच कळलं. लग्नसराईच्या तोंडावर कोणीतरी त्यांना पत्रिकेच्या डिझाइनचं महागडं सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर फुकट आणून दिलं होतं. सोबत सूचना होती, अँटिव्हायरस बंद करा आणि मगच इन्स्टॉल करा. मी चिडलो. पाहुणा दारातूनच राखणदाराला सुट्टी द्या म्हणतो आणि तुम्ही देता? काकूंचं म्हणणं, तो अँटिव्हायरस सारखा कटकट करायचा, गिऱ्हाइकासमोर बरं दिसायचं नाही. पत्रिका छान निघत होत्या, पण त्यांच्या आडून दुसराच एक प्रोग्राम आत बसला होता. कॉम्प्युटर सुरू झाला की तोही सुरू व्हायचा आणि बाहेरच्या कोणाला तरी आत घ्यायचा. याला बॅकडोअर म्हणतात, म्हणजे मागचं दार. तिथून आलेल्याला पासवर्ड लागत नाही. खुर्चीत बसल्यासारखा तो फायली उघडतो, घेऊन जातो, तुम्ही काय टाइप करता तेही पाहतो.

ज्या विंडोजमध्ये चोर बसलाय तिलाच चोर शोधायला सांगण्यात अर्थ नसतो. म्हणून मी माझ्या लॅपटॉपवर बनवलेल्या पेनड्राइव्हवरून कॉम्प्युटर चालू करून तपासणी लावली. सापडला, काढला. पुन्हा नेहमीसारखं सुरू केलं तर हा परत हजर. स्वतःला पुन्हा बसवून घ्यायची सोय त्याने आधीच करून ठेवली होती, वर स्वतःसाठी एक वेगळा युजरही बनवला होता. अशा वेळी खात्रीचा उपाय एकच. मी लोकांचे कागद तेवढे तपासून वेगळे काढले, बाकी डिस्क पूर्ण पुसली, विंडोज नव्याने टाकलं आणि दुकानाचे सगळे पासवर्ड माझ्या लॅपटॉपवरून बदलले. फुकटच्या सॉफ्टवेअरला अर्थातच दुसऱ्यांदा बोलावलं नाही.

काम संपल्यावर काकूंनी विचारलं, "अन जे गेलं, थे?"

ते परत येत नाही, मी म्हणालो. किती गेलं तेही नक्की सांगता येत नाही. आधार, पासबुक आणि मोबाइल नंबर एका जागी मिळाल्यावर बँकेतून बोलतोय म्हणून फोन करायला चोराला आणखी काय हवं? काकूंनी चहा तसाच ठेवला. दुसऱ्या दिवशी आम्ही पोलिसांत तक्रार दिली.

शेजारी धान्याचं दुकान असलेले त्यांचे दीर म्हणाले की झालं ना, आता गप्प राहा. बोभाटा झाला तर कोणी दुकानाची पायरी चढणार नाही. त्यांचं बोलणं व्यवहाराला धरूनच होतं.

"भाऊजी, लोकाइनं कागद मले देल्ले," काकू म्हणाल्या. "मलेच सांगा लागन."

बाजाराच्या दिवशी त्यांनी भोंग्याचा ऑटो ठरवला, साड्यांच्या सेलची जाहिरात करत फिरतो तो. ड्रायव्हरशेजारी स्वतः माइक धरून बसल्या. पहिली वाक्यं कोणाला कळलीच नाहीत, इतका आवाज बारीक. मग तो हळूहळू मोकळा झाला. "माह्या कॉम्प्युटरमंदी चोर शिरला होता. तुमचे कागद त्यानं पाह्यले असतीन. बँकेतून बोलतो म्हणून कोणाचा फोन आला त ओटीपी देऊ नका. चूक माही हाये." भाजीच्या ढिगांमधून ऑटो पुढे सरकत राहिला आणि त्या तेच सांगत राहिल्या. मला त्यांचा अभिमान वाटत होता आणि त्यांच्याकडे बघवतही नव्हतं.

दिरांचं खरं झालं. लोक आले ते भांडायलाच. काकू ज्याचे त्याचे कागद त्याच्यासमोर कॉम्प्युटरमधून पुसायच्या आणि पोहे खाता का विचारायच्या. कोणी खाल्ले नाहीत. पुढे दुकानात शुकशुकाटच असायचा. मी कारण काढून जायचो, कॉम्प्युटरला काही झालेलं नसायचं. एका हिवाळ्यात काकू झोपेतच गेल्या. आता तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात.

मागच्या महिन्यात मी देवळीहून पुलगावच्या बसमध्ये होतो. शेजारी नाचणगावची एक बाई बसली होती. तिचा फोन वाजला. पलीकडचा हिंदीत बोलत होता, खातं बंद होणार आहे, मेसेजमध्ये आलेला नंबर सांगा म्हणत होता. बाईने ऐकून घेतलं, "नाई सांगत" म्हणाली आणि फोन कापला. मग मलाच समजावू लागली. असे फोन येतात, देवळीच्या काकूंनी भर बाजारात सांगितलं होतं, म्हणून तिला माहीत.

"मी त्याइले लय बोलली होती तवा," ती म्हणाली. "एकदा भेटाले जाचं हाये."

काकू नाहीत आता, मी तिला सांगितलं.

तिने फोन पिशवीत ठेवला. "त्याइनं साऱ्या बाजाराले सांगतलं," ती म्हणाली. "अन त्या गेल्या, थे मले कोणीच नाई सांगतलं."