आतून ढकललेली गाडी

चिखलात रुतलेली बैलगाडी तिच्यातच बसून ढकलणारी बाई अख्ख्या सोलापूर जिल्ह्यात एकच होऊन गेली, आणि ती मी. आता या वयात खोटं कशाला बोलू? तेव्हा वय सोळा, डोक्यावर पदर आणि पदराखाली अक्कल बेताची. माझ्या या पराक्रमाला जो कधीच हसला नाही असा माणूसही एकच, माझे चुलतसासरे. जगात कामं दोनच, एक ढकलणं आणि दुसरं ओढणं, बाकी सगळी नुसती बडबड, अशी त्यांची खात्री होती. त्यांच्यासारखा माणूस त्यांच्याआधी झाला नाही आणि पुढे होईल असं मला वाटत नाही.

त्यांना मी मामंजीच म्हणायची. ते सोलापुरात हायस्कुलात पदार्थविज्ञान शिकवीत आणि सुट्टी लागली की वळसंगला आमच्या घरी येत. विद्यार्थी, सून आणि बैल या तिघांनाही ते सारखंच अहोजाहो करीत. सकाळी उठले की आधी ओसरीची भिंत दोन्ही तळहातांनी ढकलायचे. भिंत कसली हलते! मग मला विचारायचे, "सूनबाई, भिंत काय करतेय?" मी म्हणायची, "उभी आहे की." "छे! तीही मला ढकलतेय, अगदी तेवढ्याच जोराने. नाहीतर मी एव्हाना तुमच्या चुलीपाशी नसतो का?" ते ऐकून मी गुपचूप पलीकडे जाऊन बघून आले होते, तिकडून भिंतीला कोण टेकलंय ते. मांजर होती. एवढ्याशा मांजरीत केवढी ताकद, म्हणून दोन दिवस तिला वाटीभर दूध जास्त दिलं.

त्यांच्या खिशात कायम एक ताणकाटा, म्हणजे जोर मोजायचा स्प्रिंगचा काटा, असायचा. घरातल्या दरवाजांच्या कड्यांना तो अडकवून ओढायचे, कुठलं दार किती जोर मागतं ते बघायचे आणि मग सगळ्या बिजागऱ्यांना एरंडेल पाजायचे. दारं लोण्यासारखी फिरू लागली आणि सासूबाईंचं राज्य धोक्यात आलं. दाराच्या करकरण्यावरून त्या बसल्या जागी ओळखायच्या, कोण आलं, कोण गेलं. "भावजी, काय करून ठेवलंत हे? घरात कोण शिरतंय, कोण भाईर जातंय, कायबी कळंना की!" मामंजी शांतपणे म्हणाले, "वहिनी, घर्षण कमी झालं." सासूबाई म्हणाल्या, "ते तुमचं झालं असंल. माझं वाडलंय."

थांबलेल्या तांग्यातून उतरणं त्यांना कमीपणाचं वाटे. चालत्या तांग्यातून उतरायचं, तांगा जाईल त्याच दिशेला तोंड करायचं आणि चार पावलं पळायचं. म्हणजे अंगातला वेग हळूहळू जिरतो, असं शास्त्र. शास्त्र खरंच होतं. पण त्यांचा वेग जिरायचा तो बरोबर बाजारातल्या एका चादरीच्या दुकानात, थेट घड्यांच्या ढिगावर. दुकानदार विणकर मोठा मायाळू, हात देऊन उठवायचा आणि विचारायचा, "मास्तर, आज कुठल्या रंगाची दाखवू?" संकोचापोटी मामंजी एक चादर घेत. आमच्या घरात अंथरायला जागा उरली नाही एवढ्या चादरी झाल्या.

आणि त्यांचे बूट! बूट वरून सगळेच पॉलिश करतात, मामंजी तळव्यालाही करीत. "वस्तू दोन्ही बाजूंनी सारखी असावी," म्हणायचे. तळव्यात तोंड दिसायचं.

तर ती गाडी. सुट्ट्यांमध्ये मामंजींनी मला शिकवून शिकवून फायनलच्या परीक्षेपर्यंत आणलं होतं. पास झालं की मास्तरीण होता येत होतं. आमच्या यजमानांची ना नव्हती, पण आईपुढे हूंसुद्धा नव्हतं. शेवटी सासूबाईंनीच तोडगा काढला, "जाऊ दे तिला. पर वळसंगापास्नं सोलापुरापोत्तर गाडीतनं खाली पाय लावायचा न्हाय. आमच्या घरची नवी सून रस्त्यावर दिसली, तर पुस्तकं चुलीत जातील." मी मान डोलावली. त्यात काय अवघड?

आदल्या रात्री वळवाने झोडपलं होतं. गावाबाहेरच्या ओढ्यात गाडीचं चाक काळ्या मातीत रुतलं ते रुतलंच. गाडीवान मारुती पुढे बैलांच्या शेपट्या पिळतोय, मामंजी मागून ढकलतायत, आणि सूर्य वर चढतोय. पेपर अकराचा. खाली तर उतरायचं नाही. मग मी आतच उठले, पाय मागच्या फळीला रोवले, दोन्ही हात पुढच्या फळीला लावले आणि जीव खाऊन रेटू लागले. घामाने कुंकू नाकापर्यंत आलं.

मामंजींनी छपराखाली डोकं घातलं. "काय चाललंय, सूनबाई?"

"ढकलतेय की, मामंजी!"

"छान. पाय कशाला लावलेत?"

"गाडीलाच."

"म्हणजे हातांनी पुढे ढकलताय आणि पायांनी तेवढंच मागे."

मी हातांकडे पाहिलं, पायांकडे पाहिलं.

"गाडी हलवायची तर पाय जमिनीला लागायला हवेत," ते म्हणाले. "हा सृष्टीचा नियम. खाली उतरायचं नाही, हा वहिनींचा. दोन्ही आज पाळता येणार नाहीत. कोणता मोडायचा ते तुम्हीच ठरवा. सृष्टीचा मोडता आला, तर मलाही बोलवा."

पुढून मारुती ओरडला, "वैनीसाब, उतरू नगासा! मालकीणबाई मला जित्ता सोडायच्या न्हाईत!"

मी लुगडं खोचलं आणि उतरले. चिखल पोटऱ्यांपर्यंत आला. अनवाणी बोटं मातीत रुतवली, मामंजींच्या शेजारी खांदा लावला. ते "हुं!" म्हणाले, मी रेटलं, मारुती किंचाळला, आणि चाक असं सुटलं की मी तोंडावर आपटले. पेपर मी चिखलाच्या लुगड्यानेच लिहिला.

परतल्यावर सासूबाईंनी मला नखशिखांत न्याहाळलं. पुस्तकं माझ्या काखेत होती, चूल पेटलेली होती. मामंजी पुढे होऊन म्हणाले, "वहिनी, मी उतरवलं." सासूबाई मारुतीकडे वळल्या, "पुढच्या खेपंला दुसरी जोडी जुंप. ही बैलं लई मऊ हायत." आणि पाय धुवायला त्यांनी मला स्वतः पाणी दिलं.

मी मास्तरीण झाले. कुणी विचारलं की सांगायची, मला मामंजींनी ढकललं. सात-आठ वर्षांनी ते अंथरुणाला खिळल्याचं कळलं, तेव्हा सोलापूरला गेले. अंगावर तीच चादरींची चळत. खाटेखाली बूट, दोन्ही बाजूंनी चकचकीत. उशीला टेकवून बसवायला मी त्यांना उचललं, तर ताणकाट्यालाही कळू नये एवढं वजन. मी म्हणाले, "मामंजी, त्या दिवशी तुम्ही ढकललंत, म्हणून मी इथवर आले."

त्यांनी बुटांकडे बघितलं. मग मला जवळ बोलावून, वर्गात चूक कबूल करणाऱ्या पोरासारखे हळूच म्हणाले, "एक सांगायचं राहिलं, सूनबाई. त्या दिवशी माझे बूट नुसते घसरत होते. मी फक्त हुं म्हणत होतो. गाडी तुम्ही काढलीत."