तात्यांचं लॉगिन

लोकांना स्विच म्हटलं की पंख्याचं बटण आठवतं. डोकं फिरतं माझं. कॉलेजातल्या सगळ्या कंप्युटरच्या तारा ज्या डब्यात येऊन जुळतात तो आमचा स्विच, आणि त्याच्या आत शिरून काही बदलायचं तर आपलं नाव नि पासवर्ड लागतो. माधव नगरच्या आमच्या कॉलेजात असे जेवढे डबे आहेत, ते सगळे तात्यांनी बसवले. मला हे काम त्यांनीच शिकवलं.

नाव मधुकर, पण प्रिन्सिपलपासून चपराशापर्यंत सगळे तात्याच म्हणतात. शिकवताना एकच गोष्ट घोकून घ्यायचे. "बेटा, लॉगिन लावलं की पहिली विंडो बंद नाही करायची. दुसरी उघड, नव्या नावाने आत जाऊन बघ. जमलं, तर सेव्ह. नाहीतर घराला कुलूप लागेल, किल्ली आत आणि तू बाहेर." मी वैतागायचे. म्हणायचे, तात्या, रोज काय तेच ते! ते हसून चहा मागवायचे.

आणि ह्याच माणसाने फॉर्म भरायच्या ऐन गर्दीत लायब्ररीच्या स्विचवर लॉगिन सुरू केलं, कोणाला आत घ्यायचं त्यातलं एकही नाव न घालता सेव्ह केलं आणि विंडो बंद करून टाकली. कोणालाच आत जाता येईना. सगळं पुसून पहिल्यापासून बसवेपर्यंत नेट बंद, पोरं बाहेर बोंबलत होती. तात्या नुसते खुर्चीत बसून होते.

संध्याकाळी मी तणतणत त्यांच्या घरी गेले, तेव्हा त्यांच्या बायकोने, सुलूकाकूंनी सांगितलं. कचोरी आणायला गेलेल्या तात्यांनी घराजवळच्याच टावर चौकातून फोन केला होता, आपलं घर कोणत्या बाजूला आहे ते विचारायला. सगळा जन्म त्याच भागात, फ्रीगंजमध्ये गेला त्यांचा. डॉक्टर म्हणाले, विसरणं आता वाढतच जाणार. माझा राग कुठच्या कुठे गेला. काकूंसमोरच रडले मी.

प्रिन्सिपल साहेबांनी तात्यांचं लॉगिन काढायला सांगितलं. मी भांडले. एवढंच तर उरलंय त्यांच्याजवळ, तेही काढून घेऊ? मग आज करते, उद्या करते म्हणत टाळत राहिले. शेवटी तात्याच शेजारी येऊन बसले.

"चल बेटा, काढ माझं नाव."

"राहू द्या ना, तात्या. तुम्ही नुसतं बसा इथे."

"नुसतं कसं बसेन? हात चालणारच माझे. परीक्षेच्या दिवशी पुन्हा गडबड केली, तर पोरांचं काय?"

मी नाव काढलं. त्यांनी सवयीने दुसरी विंडो उघडली, आपलं नाव टाकलं, पासवर्ड टाकला. तो मात्र अचूक आठवला त्यांना. स्विचने नाकारलं. मग मला माझ्या नावाने आत जाऊन बघायला लावलं. ते जमलं.

"आता सेव्ह कर."

मी माउसवरून हात काढून घेतला.

"कर गं श्रुती. नाही केलंस, तर लाईट जाऊन आली की माझं नाव परत येईल. आणि आपण ते काढलं होतं हे मला आठवणार नाही."

मी सेव्ह केलं. आपल्याच माणसाला हाताला धरून घराबाहेर काढावं, तसं वाटलं.

सोमवारी तात्या नेहमीसारखे आले. जेवणाचा डबा टेबलावर ठेवला, खुर्ची ओढली, नाव टाइप केलं. मग पुन्हा केलं. मग पुन्हा.

"बेटा, हा मला आत घेत नाहीये. कोणी काढलं गं माझं नाव?"

तुम्हीच, असं अगदी ओठांवर आलं होतं.

"मी काढलं, तात्या."

ते स्क्रीनवरून माझ्याकडे वळले. रागावले असते तर फार बरं झालं असतं.

"दुसऱ्या विंडोतून तपासलंस ना?"

"हो."

"मग ठीक आहे," ते म्हणाले, आणि न उघडलेला डबा उचलून उभे राहिले. मी त्यांना घरापर्यंत सोडायला गेले.